वायरवरची घोंगडी

न्हाई, तुमीच सांगा, आता मी ऐकू कुणाचं? परभणीत गॅरेजवाल्या सिद्धोधनदादानं मला दोन दिवस विंच शिकवला. विंच म्हणजे जीपच्या बंपरवर बसवलेला लोखंडी वायरचा रहाट. टोक झाडाला अडकवा, बटन दाबा, रुतलेली गाडी स्वतःच स्वतःला वढून काढती, लय भारी चीज. पण दोन्ही दिवस एकच घोकून घेतलं... ताणलेल्या वायरला हात लावायचा न्हाई, ओलांडायची न्हाई, जवळ माणूस नको, आणि वर जाड घोंगडी टाकायची, म्हणजे तुटली तर चाबकावानी उसळत न्हाई. "मल्लेश, वायर पाय तोडती, कुणाचा हाय ते विचारत न्हाई." डिप्लोमा सोडला मी, पण हे पाठ केलं.

मग झरीच्या शिवारात आमची जीप काळ्या रानात रुतली. घातली शिवकांतकाकानंच, "माझं रान हाय, मला वाट शिकवतो का" म्हणत. मी बाभळीला पट्टा बांधला, वायर अडकवली, काकाचीच घोंगडी वर टाकली, बटन घेऊन बाजूला झालो... तर सात-आठ म्हातारे बाह्या सारून वायर धरून उभे! म्हणं मशीन एकटं कसं वढंल, हातभार नको का? आणि काका मधोमध, वायरला पाय लावून, हातानं इशारे करायलाय, येऊ दे, येऊ दे. ह्या हातांनी बैलगाड्या काढल्या म्हणं. काढल्या असतील की, पण बैल कधी मधनंच तुटतो का?

मी म्हणलं, "काका, तुमी हटल्याबगर बटन दाबणार न्हाई."

"अर्धवट शिकलेलं पोरगं मला माझ्या रानातनं हाकलायलंय. चला रे, ह्याचं हा बघंल."

समजून न्हाई हटले, रुसून हटले. बांधावर जाऊन बसले, पाठ करून. मलाच कळंना, दादा खरा का हे सगळे खरे? दाबलं बटन. जीप वीतभर हालली आन् फाट्... वायर तुटली. घोंगडीखाली धप्पकन पडली, मघाशी काकाचा पाय होता बरोबर तिथंच. काका आपल्या पायाकडं बघत बसला, दुसऱ्याचा असल्यावानी.

वाटलं, आता तरी म्हणतील, पोरगं बरोबर होतं. महानंदाकाकूनं घोंगडी धुतली, घडी घालून देवघरात ठेवली, वर विभूती, वर फूल. "हिनंच माझं कुंकू राखलं." म्हातारे येऊन नमस्कार करायलेत. आणि मला? मला विचारायलेत, तुझ्या हातनं वायर तुटलीच कशी? आता ऐकू कुणाचं?

काल नवी वायर बसवली, आणि काकानं जीप परत तिथंच घातली. घोंगडी मागायला गेलो तर काका म्हणतो, "देवाच्या वस्तूला चिखल लावतो का रं? ती घरात बसून राखायलीय की सगळ्यांला."

रानात येऊन बघतो तर म्हातारे परत वायर धरून उभे, ह्या वेळी कपाळाला विभूती लावून.

त्यांनी परत रुसावं म्हणून मी आधी चार शिव्या हासडल्या. गेले बांधावर. मग अंगातलं नवंकोरं जर्किन काढून वायरवर टाकलं. वायर टिकली तर जर्किन चिखलात, तुटली तर देवघरात... थंडी मात्र दोन्हीकडनं मलाच वाजणार हाय.