टॉवरचं कुंपण

आमच्या गुंद गावातला माझा माळ मोबाईल टॉवरला भाड्यानं दिला, तर त्या लोकांनी माझीच वाट अडवली बघा! भातशेताकडं जायच्या पायवाटेवरच तारेचं कुंपण घातलं. जाब विचारला, तर त्यांचा सुपरवायझर म्हणतो, "सही केलीय न्हवं? आता आत यायचं न्हाई."

माझ्याच जमिनीत! माझं डोस्कंच फिरलं.

माझी बायको मात्र शांतपणं म्हणाली, "साहेब, टॉवरला माळ दिलाय, व्हय. पण तुमची जीप आमच्या अंगणातनं येती. ते कुठल्या कागदात हाय?"

त्यानं कागद दोनदा चाळला. तवर हिनं अंगणाच्या फाटकाला कुलूप घातलं. जीप आतच.

मग काय, साहेबानं स्वतः पहार घेतली अन् माझ्या वाटेवरचे कुंपणाचे खांब उपटले.