परतीचा अर्ज

विद्यापीठ बदलण्याच्या अर्जांची खिडकी होती. मुलगी झेरॉक्स काढायला गेली तसे शिंपीकाका खिडकीत वाकले. रांगेत मागे उभ्या असलेल्या बाईंना सगळं ऐकू येत होतं.

“साहेब, तिचं तिकडचं नक्की झालं ना?”

“झालं. इथले विषयही तिकडे धरतील.”

“आणि तिला तिकडे करमलं नाही तर?”

“वर्षाने परतीचा अर्ज करता येतो.”

“मग तो एक द्या.”

“आत्ताच? अहो, पोरगी अजून गेलीसुद्धा नाही!”

“असू दे घरात.”

काकांनी अर्ज घडी करून खिशात घातला, तेवढ्यात मुलगी आली.

“काय घेतलंत, बाबा?”

“काही नाही गं. तिकडे थंडी फार. घरी चल, कोटाचं माप घेतो.”

“माझं माप तर तुम्हाला पाठ आहे.”

“असू दे. पुन्हा घेतो.”