चुडामण रंगूनला बसला, तेव्हाची गोष्ट

...नाही, पण मी म्हणतो, या माणसाला आमच्या कळसाडी गावात काय कमी होतं हो? काळीभोर जमीन, गुडघ्याएवढी कपाशी, दारात म्हैस, प्रमिलाबाईसारखी सोशीक बायको... पण आमच्या चुडामणचं बूड टेकेल तर शपथ! आज नंदुरबार, उद्या सुरत, परवा मुंबई, आणि सदतीस साली, तुम्हाला सांगतो, गडी थेट बोटीत बसून रंगूनला! का? तर म्हणे, "आठे जीव लागत नही, भो!" आता चुलत्याला असं सांगतात होय? मी चुलता ना त्याचा!

तिथं लागला भाताच्या गिरणीत. "इंजिन आता है?" साहेबानं विचारलं. हा म्हणाला, "आता है ना, साब!" नंदुरबारच्या कापसाच्या जिनमधलं इंजिन यानं लांबून पाहिलेलं, तेवढंच! पहिल्याच दिवशी कुठली तरी दोरी ओढली आणि भोंगा असा कोकलला की सगळे मजूर सुट्टी झाली समजून डबे घेऊन घरी! सकाळचे दहा वाजलेले! साहेब लालबुंद. "किसने बजाया?" "बजाया नहीं साब, खुदही चिल्लाया..." झाली नोकरी!

मग चुनीलाल शेठ भेटले, सुरतेकडचे, कापडाचे व्यापारी. म्हणाले, "भाई, काम कंई नथी, दुकानना बारणे बेसवानुं!" दुकानाच्या दारात बसायचं, बस्स! आता याच्यासाठी याहून अवघड काम असतं का हो? अर्ध्या तासात स्टुलाला जणू निखारे लागले. नदीवर हत्ती लाकडं ओढतात म्हणे, ते पाहायला गेला, तो दुपार करून आला. बघतो तर स्टुलावर दुसराच पहारेकरी! चुडामणचं बूड टेकेल तर शपथ!

आणि खायला काय? भात! सकाळी भात, संध्याकाळी भात! भाकरीवाचून जीव कासावीस. सारं रंगून पालथं घातलं तेव्हा एका दुकानात ज्वारी सापडली... पोपटांचं खाद्य म्हणून! हा रोज नेऊन दळायचा. घरमालकीण म्हातारी बर्मी बाई, तिनं खुणेनं विचारलं, पक्षी कुठाय? यानं आपल्या तोंडाकडे बोट दाखवलं. तिला इतकी दया आली की वाडगंभर सडवलेली मासळी घेऊन आली. चुडामण माळकरी! दोन गल्ल्या पळाला!

पण एके वर्षी, काय मनात आलं कोण जाणे, त्यानं परसात मूठभर ज्वारी पेरली. आणि तुम्हाला सांगतो, गडी बसला! खरंच बसला! म्हातारीनं आपलं स्टूल आणून शेजारी ठेवलं. तो ज्वारी राखायचा, ती तोंडानं हुश्श हुश्श करून पाखरं उडवायची. भाषा एकाची एकाला कळत नव्हती, पण दोघं बसायचे. मला लिहिलं, "काका, मी आते कोठेच जाणार नही." चार वर्षांत पहिल्यांदा!

आणि नेमकी कणसं भरली तेव्हा जपानी विमानं आली. अहो, हा बसला तर गावच उठलं की! गल्ली जळाली, परस जळालं. म्हातारीनं वाचलेली दोन कणसं खुडून याच्या पिशवीत कोंबली आणि नावेत बसून ती आपल्या खेड्याला गेली. हा निघाला पायी, डोंगरांतून. त्या वाटेवरची गंमत मी सांगत नाही, कारण तिच्यात गंमत नाही. शेजारी चालणारा माणूस बसायचा तो उठायचाच नाही. बसायचं नाही, एवढंच चुडामण शिकला. ती कणसं तिसऱ्या आठवड्यात कच्चीच खाल्ली.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी जातात त्या आमच्या सणाच्या, चार दिवस आधी कळसाडीत पोचला. नुसता सापळा! ओट्यावर टेकला आणि म्हणाला, "आते मी घरच."

प्रमिलाबाईनं पाणी दिलं, जेवू घातलं, दोन दिवस पाय चोळले. मग गाठोडं बांधलं. "तुम्ही आते घरच ना? चार आखाजी गयात, मी माहेर गऊ नही. म्हैसले पाहाले कोनी नव्हतं. आते मी जास."

गेली. आखाजी झाली, पाऊस झाला, पोळा झाला. तिच्या भावानं नंदुरबारहून निरोप धाडला, तिला इकडं करमतंय. आणि हा ओट्यावर वाटेकडं बघत बसलेला! मी म्हटलं, "अरे, रंगूनहून पायी आलास, नंदुरबारला जाऊन बायको आणता येत नाही?"

चुडामणनं सुस्कारा टाकला.

"जासू ना, काका! पन म्हैसले कोन दखी?"