हंडा चोरीस गेलेला नाही, याबाबत

मी, सौ. सायली महेंद्र ठोकळे, वय २९ वर्षे, धंदा शिवणकाम, रा. सोनकडवाडी, ता. राहुरी, जि. अहिल्यानगर. कोणी न बोलावता ठाण्यात हजर होऊन जबाब लिहून देते की, वरील ठिकाणी मी, पती महेंद्र, सासू भागिरथीबाई व मुलगी संस्कृती, वय ५ वर्षे, असे एकत्र राहतो. पती दुधाच्या टँकरवर चालक असल्याने बहुतेक दिवस बाहेर असतात.

माझ्या सासूबाईंनी काल तांब्याचा हंडा चोरीस गेल्याची तक्रार दिली असून भंगारवाले गोरक्षनाथ यांच्यावर संशय घेतला आहे. त्यांना सकाळपासून येथे बसवून ठेवल्याचे मला समजले. चोर सोडून संन्याशाला सुळी नको, म्हणून आले आहे. हंडा घरातून मी नेला.

सदर हंडा सासूबाईंनी वस्तीत नळ आला त्या वर्षी कांदे काढणीच्या मजुरीतून घेतला. त्यांच्या आईला गावच्या विहिरीवर कोणी वरून पाणी ओतेपर्यंत उन्हात थांबावे लागे. त्यामुळे या हंड्याला दुसऱ्याने हात लावलेला त्यांना खपत नाही. मागील वर्षी तो बुडाशी गळू लागला, तेव्हा बाजारात एकाने आतून शिसे वितळवून झाळून दिला. ते शिसे जुन्या बॅटरीचे होते, हे आम्हाला फार नंतर कळले.

उन्हाळ्यापासून संस्कृतीचे पोट दुखू लागले. ती पांढरी पडली. तोंडपाठ असलेले अंक विसरू लागली. नगरच्या डॉक्टरांनी रक्त तपासले, त्यात शिसे निघाले. गावचे जलसुरक्षक सूर्यभान भाऊ यांनी आमच्या नळाचे पाणी तपासणीला नेले, ते चांगले आले. तेव्हा प्रयोगशाळेतील निकिता मॅडम मला म्हणाल्या, "नळाचं राहू द्या. मुलगी उठल्यावर पहिलं पाणी कशातलं पिते, ते आणा." मी हंड्यात रात्रभर राहिलेले पाणी बाटलीत भरून नेले. त्यात शिसे मर्यादेच्या कितीतरी पट निघाले.

मी स्टीलचे पिंप आणले. हंड्याची झाळ वाईट आहे, एवढेच सासूबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "मी बी त्येच पिते की. मला काय धाड भरली?" नवा हंडा आणू म्हटले, तर म्हणाल्या, "नवा तुमचा. ह्यो माझा हाय." पुढच्या तपासणीतही मुलीच्या रक्तातले शिसे उतरले नाही. तिला विचारले, तेव्हा आजी पहाटे उठवून हंड्यातले पेलाभर पाणी देते, असे तिने सांगितले. "रातभर तांब्यात ऱ्हायलेलं पानी डोक्याला लई चांगलं," असे सासूबाईंचे म्हणणे आहे. नातीने शिकून साहेब व्हावे, ही त्यांची फार इच्छा आहे.

पूर्ण खरे सांगितले असते तर त्यांनी हंडा स्वतःच बाहेर फेकला असता, हे मला माहीत आहे. परंतु डॉक्टर म्हणाले आहेत की, रक्तातले शिसे हळूहळू उतरेल, डोक्याचे जे नुकसान झाले ते भरून येईलच असे नाही. ते पाणी कोणी पाजले, हे सासूबाईंना सांगायला माझी जीभ रेटली नाही. चोरीला गेला म्हणून चार दिवस शिव्या देतील आणि गप्प बसतील, असे वाटले. त्या ठाण्याची पायरी चढतील असे वाटले नव्हते. मी आता थकले आहे.

हंडा भंगारात दिला असता तर दुसऱ्या कोणाच्या घरी पाण्यालाच गेला असता, म्हणून तो निकिता मॅडमकडे ठेवला आहे. खात्री करावी. सासूबाईंचे रक्तही शुगर बघायची आहे असे सांगून तपासायला दिले आहे. त्याचा रिपोर्ट यायचा आहे.

गोरक्षनाथ यांना सोडावे. सासूबाईंनी विचारल्यास, सुनेने हंडा विकून पैसे खर्च केले, असे त्यांना सांगावे. माझी त्यास हरकत नाही.

सासूबाई बाहेरच्या बाकावर बसल्या असल्याने, माझ्या विनंतीवरून हा जबाब मला हळू आवाजात वाचून दाखविला. तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.