दुखतंय मला, विचारतात ह्यांना

अगं, काल मी मुलुंडच्या त्या हाडांच्या डॉक्टरवर भडकलेच! कंबर दोन वर्षं माझी दुखतेय आणि हा माणूस समजावतोय माझ्या नवऱ्याला. "मिसेसचं ऑपरेशन करता येईल, नाहीतर व्यायामाने बघू."

नवरा लगेच म्हणतो, "ऑपरेशन नको. महिनाभर घरचं कोण बघणार?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अहो, मी इथेच बसलेय ना? मला विचारा!"

डॉक्टर वरमला. मला म्हणाला, "व्यायामाने फरक पडेल, पण वेळ लागेल. वर्षभर वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही."

"चालेल. मी व्यायामच करणार. केर-लादी, धुणं आता हे बघतील."

तर आमचे हे खुर्ची पुढे ओढून काय विचारतात? "डॉक्टर, ऑपरेशन लवकरात लवकर कधी होईल?"