भरती हर्षलची, पळापळ बहिरूची

...आणि वर म्हणते काय, "गोधडी सोडा, पळायचंय." आता तुम्हीच सांगा, अजून कोंबडं आरवलेलं नाही, बाहेर काळंकुट्ट, गोधडीत आत्ता कुठं ऊब धरलीय, आणि लग्नाची बायको उशाशी उभी राहून सांगते, पळायचंय. कुणाला? बहिरूला. ज्या माणसानं शाळेतली सगळी कवायत पोटात दुखतंय म्हणून लिंबाखाली बसून काढली, त्याला. पन्नाशी आली, पोट पुढं आलं, टेम्पोच्या सीटनं पाठीला आपला आकार दिला, आणि आता पळायचं. तुम्हाला सांगतो, बहिरूचं म्हणणं एकच होतं, आणि त्यात चुकीचं काही नव्हतं... भरती हर्षल झाला होता, बहिरू नाही.

हर्षल म्हणजे त्याचा थोरला. अग्निवीर म्हणून लागला, तोफखान्यात, आणि ट्रेनिंगला कुठं, तर नाशिकरोडला. लोकांची पोरं पार तिकडं जबलपूरला जातात, आईबाप नकाशावर बोट ठेवून रडतात, ह्याचं पोरगं चांदवडपासून दीड तासावर आणि तरी भेट नाही. बहिरू टोमॅटो घेऊन नाशिकला गेला की वाकडी वाट करून कॅम्पाच्या भिंतीकडून जायचा आणि टेम्पोचा तो गाण्याचा हॉर्न वाजवायचा. का, तर पोराला कळावं बाप आलाय. दुसऱ्याच खेपेला गेटवरचा जवान पुढं आला. "बाबूजी, यहाँ हॉर्न मना है." बहिरू म्हणाला, "मेरा लडका अंदर है." जवान म्हणाला, "अंदर सब किसी ना किसी के लडके ही हैं, बाबूजी. आगे बढ़ो." बहिरू बढला पुढं.

तर बहिरूला पोराचं कौतुक किती म्हणाल, निवड झाली तेव्हा स्टँडवर बॅनर लावला, बॅनरवर हर्षल पासपोर्टच्या फोटोएवढा आणि बहिरू टेम्पोएवढा. चंद्रभागा, त्याची बायको, ती मात्र पहिल्यापासून विरोधात. पोरगं गेलं त्या दिवशी ती जेवली नाही, नुसत्या शेंगा फोडत बसली, घरात शेंगा संपल्या तर शेजारच्या आणून फोडल्या.

फोन फक्त रविवारी यायचा. रविवारी कोणी शेताकडं फिरकायचं नाही, मोबाईल चार्जिंगला लावून त्याच्याभोवती सगळे, जशी काय आरतीच व्हायचीय. आणि त्यातल्याच एका रविवारी हर्षलचा आवाज आला तो पार बसलेला. म्हणाला, "आई, माझ्याच्यानं नाय होत." भरतीला सोळाशे मीटर पळाला होता वाऱ्यासारखा, पण इथं पाच किलोमीटर, पायात जाड बूट, हातात रायफल, टाचांना फोड, आणि रोज शेवटचा नंबर. परीक्षेत नापास झाला तर मागच्या तुकडीत ढकलणार, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. "मला घरी यायचंय," म्हणाला, आणि रडायला लागला.

आता बॅनरवाल्या बापानं काय म्हणावं? बहिरूनं डोळे पुसले आणि म्हणाला, "बॅग भर, मी टेम्पो काढतो." काय बोलतो हा माणूस? टेम्पो काय, थेट परेड ग्राउंडवर लावणार होता?

चंद्रभागेनं फोन काढून घेतला. हिला तर पोरगं घरीच पाहिजे होतं, ही तर आता नारळच फोडणार असं सगळ्यांना वाटलं. ती शांतपणे म्हणाली, "तुला यायचं तर ये. घर तुझंच हाय. पण आठ दिवस थांब. ते पळणं म्हंजे काय असतं ते मला बघू दे. मी उद्यापासून पळते. मी मधीच बसले, तर तू बी ये. मी नाय बसले, तर तू बी बसायचं नाय."

"आई, तुझे गुडघे..."

"माझे गुडघे मी बघते. तू तुझ्या टाचा बघ. रात्री खोबरेल लाव."

आणि फोन बंद. बहिरूला वाटलं, बोलायचं म्हणून बोलली असेल. कसलं काय! सोमवारी उजाडायच्या आत ही साडीचा काचा मारून, हर्षलचे घरी राहिलेले बूट पुढं चिंध्या कोंबून घालून दारात उभी. धाकटी आरोही, कॉलेजात शिकणारी, तिनं मोबाईलवर अंतर मोजून ठेवलं: घरापासून पाझर तलावापर्यंत जाऊन यायचं. गळ्यात शिट्टी. म्हणाली, "पप्पा, तुम्ही मागं गाडीवर राहा, आईला काय झालं तर." म्हणजे बघा, भरती हर्षल झाला होता, आणि ड्युटी बहिरूला लागली.

गाव काय, गावाला तर करमणूकच पाहिजे. गल्लीतले भिकातात्या दात घासत आपल्या ओट्यावर उभे. "काय रं बहिरू, वहिनींचं काय चोरीला गेलं का? कुणाच्या मागं पळताय?" दुसऱ्या दिवशी आणखी चौघं ओट्यावर. तिसऱ्या दिवशी तर खुर्च्या. बहिरूनं मफलर तोंडावर ओढला, पण मोटरसायकलीवर नंबर होता ना.

पळणं कसलं, चार विजेचे खांब पळायची, दोन चालायची, परत पळायची. शुक्रवारी मात्र तलावाच्या अलीकडं चढाला तिचा श्वासच लागेना. कंबरेवर हात ठेवून वाकली. खाली बसणार, अगदी बसणारच... आणि बहिरूच्या मनात आलं, बसू दे. खरं सांगायचं तर त्याला तेच पाहिजे होतं. ही बसली की पोरगं घरी. त्यानं गाडी तिच्याजवळ नेली आणि हळूच म्हणाला, "बस मागं. कोण बघतंय?"

तिनं मान वर केली. घामानं कुंकू नाकापर्यंत आलेलं. म्हणाली, "त्याला तिकडं कोण गाडीवर घेतं?"

एवढंच. पुढं निघाली. लटपटत, पण निघाली. बहिरू तिथंच, गाडी चालू. मग त्यानं गाडी बंद केली, बांधाला लावली, चपला हातात घेतल्या, आणि... पळाला. तुम्हाला सांगतो, पोट एकीकडं, बहिरू एकीकडं, तोंडानं शिव्या, डोळ्यात पाणी, पण पळाला. भरती हर्षल झाला होता हे त्याला त्या वेळी आठवलंच नाही.

रविवारी फोन आला. हर्षलनं नमस्कार नाही, चमत्कार नाही, पहिलाच प्रश्न.

"आई, बसलीस?"

"नाय. तू?"

"नाय."

झालं बोलणं. बाकी वेळ बहिरूनं आपल्या पिंडऱ्या कशा दुखतात ते सांगितलं, आणि लय दिवसांनी पोरगं हसलं.

मग काय, आठ दिवसांचे महिने झाले. दर रविवारी हिशेब, तू किती पळालास, मी किती पळाले. ओट्यावरच्या खुर्च्या कमी झाल्या, कारण खुर्चीतले दोघं मागून पळायला लागले. आणि एका रविवारी हर्षल म्हणाला, "आई, परीक्षा झाली. पास. शेवटचा नाय, मधला." चंद्रभागा फोन ठेवून आत गेली आणि चुलीपुढं बसून जी रडली, ती पोरगं गेलं तेव्हाचं राहिलेलंसुद्धा रडून घेतलं तिनं.

ट्रेनिंग संपल्यावर शपथ घेतात त्या कसम परेडला सगळे गेले. गेटमधून. मानानं, बोलावणं होतं. बँड वाजला आणि शेकडो पोरं अशी आली की पाय एकच, आवाज एकच. "आपला कोणता?" बहिरू विचारतोय, सगळे सारखेच दिसतायत, आणि चंद्रभागेनं लांबून बोट दाखवलं. तिला त्याची चाल ओळखू आली. मग आईबापांच्या छातीला पदक लावलं, बहिरूनं तेव्हा पोट आत घेतलं ते घरी येईपर्यंत सोडलं नाही.

तेवढ्यात हर्षलला पळवणारे, ट्रेनिंग देणारे उस्ताद आले, सहा फूट, मिशा अशा. "माताजी, दौड़नेवाली आप ही हैं?" म्हणजे ह्यानं सगळ्या तुकडीला सांगितलेलं. "इस पर मैं भी बहुत चिल्लाया, माताजी, लेकिन दौड़ा ये आपके डर से." मग एकेक पोरगं येऊन तिच्या पाया पडायला लागलं, कोणी बिहारचं, कोणी पंजाबचं, आणि ही प्रत्येकाला विचारतेय, "टाचा बऱ्या हायेत का?" त्यांना काय कळतंय? पण हो म्हणत होती सगळी.

"और बाबूजी?" उस्तादांनी विचारलं.

हर्षल म्हणाला, "वो भी दौड़ते हैं, उस्ताद. मम्मी के पीछे."

परतीला टेम्पोत बहिरू राजासारखा बसला होता. पिंपळगाव मागं पडलं तेव्हा म्हणाला, "झालं बाई एकदाचं. उद्यापासून झोपायला मोकळे."

चांदवडचा डोंगर दिसायला लागला तशी चंद्रभागेनं काचेतून वर बघितलं. मग म्हणाली, "हर्षल म्हणत होता, पोस्टिंग वर कुठंतरी हाय. बर्फात. नुसता चढच चढ."

बहिरूनं डोंगराकडं बघितलं. बायकोकडं बघितलं. गिअर बदलला, आणि म्हणाला, "डोंगरावर चहा तरी मिळतो का?"