बुटकीचा कोपरा

(मागच्या ओट्यावर. आईच्या मांडीवर कोंबडी. कोंबडीच्या अंगावर लाल कापडाचं झबलं.)

आई : बटणं ओढू नकोस म्हटलं ना. आतलं अजून फाटेल. कात्री कुठंय?

लेक : आणली. ही घे.

आई : ही तुझी कापडाची?

लेक : स्वयंपाकघरातली बोथट आहे. काप तू.

आई : मी धरते. शिवलंस तू, उसव तूच. पाठीवरून नको, पोटाखालून घाल पातं. पंखाला बोट लावायचं नाही. हं. थांब, थरथरतेय ती, थांब जरा.

लेक : आई, रक्त.

आई : दिसतंय मला. कोणी सांगितलं होतं तुला हे घालायला?

लेक : कोणी नाही. पाठ उघडी पडली होती तिची. ती मोठी कोंबडी, हेडबाई, येता-जाता टोचत होती, आणि तिचं बघून बाकीच्या. काल तर ही भिंतीत तोंड खुपसून उभी होती, दाण्याकडेसुद्धा फिरकली नाही. मला बघवेना. छकुलीला पाजून झोपवलं, तेवढ्यात शिवलं. आत मऊ अस्तरही लावलंय.

आई : अस्तर लावलंय. वा.

लेक : टोमणे नंतर मार.

आई : आणि लाल. जगात दुसरं कापड उरलं नव्हतं? लाल दिसलं की कोंबडी टोच मारते, हे या घरात वाढलेल्या पोरीला मी सांगायचं?

लेक : छकुलीच्या फ्रॉकचं उरलं होतं ते. मला वाटलं...

आई : तुला वाटलं. इकडे बघ. या काड्या दिसतात? जुनी पिसं झडली, ही नवी येतायत. अजून पीस झालेलं नाही, नुसती नळी आहे, आणि आत रक्त. वाऱ्यानंसुद्धा ठणकत असेल तिला. या दिवसांत मी हिला उचलतही नाही. आणि तू वरून गच्च बटणं लावलीस. सात काड्या मोडल्यात बघ.

लेक : मला माहीत नव्हतं.

आई : विचारायचं होतंस.

लेक : विचारलं नाही? परवा म्हटलं, बुटकीला फार मारतायत गं, तर म्हणालीस, बघते. काल परत म्हटलं, तर तुला दूध उतू जाताना दिसलं. गॅसवर दूध नव्हतंच, आई.

आई : रक्त थांबवायला पीठ दे. चिमूटभर काय देतेस, मूठभर दे. आता दाबून धर. चोळू नकोस, नुसतं दाब.

दादा : कसलं ऑपरेशन चाललंय? अरे, कोंबडीला झबलं? शिंपीणबाई, माझी पँट महिन्यापासून पडलीये आखूड करायला, आणि कोंबडीचं माप आधी?

लेक : दादा, आत्ता नको.

दादा : नाही, मी काय म्हणतो, महिनाभर अंडं नाही तिचं. निम्मी सोलून तयारच आहे. आज संध्याकाळी जर...

आई : पुढचं बोललास तर संध्याकाळचं तुझं तूच रांध.

दादा : गंमत केली.

आई : पिसं झडताना कुठलीच अंडं देत नाही. अंगातलं सगळं पिसांत जातं. चार वर्षं रोज सकाळी खाल्लीस हिची अंडी, तेव्हा नाही गंमत सुचली.

लेक : थांबलं का गं?

आई : थांबतंय. एकच काडी वाहतेय अजून. पण आता ही आत सोडली तर संध्याकाळपर्यंत राहत नाही. रक्ताची चव लागलीये सगळ्यांना.

लेक : मग हेडबाईला काढ बाहेर. मारणारी मोकळी आणि हिनं का लपायचं?

आई : काढली होती. मंगळवारी दिवसभर टोपलीखाली कोंडली. तर ती तुरेवाली सुरू झाली. एकीला काढून भागत नाही.

लेक : मग बुटकीला माझ्या खोलीत ठेवते.

आई : नजरेआड गेली की विसरतात तिला. परत सोडली तर परकी समजून जीव घेतील. जाळीपलीकडं ठेवावी लागते. दिसली पाहिजे, पण चोच पोचता कामा नये.

लेक : मग जाळी होती की आपल्याकडे. मी शाळेत असताना पिसं झडणारीला तू तिथंच ठेवायचीस. या ओट्याच्या कोपऱ्यात, खुराड्याला लागून, खिडकीखाली...

आई : पीठ दाब.

लेक : आई, तिथं माझं मशीन आहे.

आई : दाब म्हटलं ना. सुटतंय बघ.

दादा : तोच तो कोपरा. मीच तर जाळी काढली. आई म्हणाली, तिथं उजेड चांगला आहे, हिला शिवायला बरं पडेल.

लेक : तुला माहीत होतं. दर वर्षी याच सुमाराला झडतात हिची पिसं. जाळी काढताना तुला माहीत होतं.

आई : होतं.

लेक : आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस. दहा दिवस ती मार खातेय माझ्यापायी, आणि मी तिच्याच कोपऱ्यात बसून तिला झबलं शिवतेय. किती शहाणी मी. अस्तर लावून.

आई : सांगितलं असतं तर काय केलं असतंस? मशीन उचलून परत पलंगाखाली. पाच महिने तिथंच होतं ते. तू त्याच्याकडे बघत नव्हतीस, माणसांकडे बघत नव्हतीस. पोरीला पाजायचीस आणि भिंतीकडे तोंड करून पडायचीस. शेजारीण म्हणाली, बाळ झाल्यावर होतं असं, जाईल. जात नव्हतं. त्या कोपऱ्यात बसून पहिली उशीची खोळ शिवलीस, त्या दिवशी दोन वेळा जेवलीस तू. मागून भात घेतलास. आणि मी तुला कोंबडीचं सांगायला येणार होते?

लेक : म्हणजे तूच ठरवलंस. मी सुटायचं तर हिनं मार खायचा.

आई : तुझ्या खोलीत उजेड नाही. दुसरी जागा कुठं होती?

लेक : दादाच्या खोलीला दोन खिडक्या आहेत.

दादा : माझ्या खोलीत व्यायामाचं यंत्र आहे.

लेक : त्यावर टॉवेल वाळतात.

दादा : थंडी पडली की सुरू करणारे मी.

लेक : त्याला विचारलंस, आई? एकदा तरी? कोंबडीला तोंड नाही, मी तोंड उघडत नव्हते, मग आमच्यातच वाटणी. आणि ज्याला तोंड आहे त्याला नुसता चहा नेऊन द्यायचा.

दादा : मला मध्ये ओढू नकोस. भावोजींना बदलीच्या गावी घर मिळेपर्यंत म्हणून आलीस, सहावा महिना चाललाय. मी कधी बोललो?

लेक : आत्ता बोललास.

आई : गप बसा दोघं. हिचं काळीज उडतंय बघा कसं.

लेक : मी मशीन हलवते. आत्ता.

आई : मशीनला हात लावायचा नाही.

लेक : मग हिला मरू द्यायचं?

आई : असं म्हणाले मी? ही घे. अशी नाही, खालून, पायांखाली तळहात. पाठीला काही टेकू देऊ नकोस. हं, अशी. झबल्याचा राग अजून गेलेला नाही माझा, तो मी तुला पुरवून पुरवून ऐकवणार आहे. पण त्याला विचारलं नाही, हे खरंय. विचारायचा कंटाळा केला मी. त्यानं तोंड वाकडं केलं असतं, दोन दिवस धुसफुसला असता. त्यापेक्षा कोंबडीला हलवणं सोपं वाटलं.

दादा : मी कुठं नाही म्हटलं असतं?

आई : बरं झालं. मग ते यंत्र बाहेर काढ.

दादा : आत्ता?

आई : आत्ता. त्या जागी हिचं मशीन नेऊन ठेव, खिडकीशी. मग इथं जाळी ठोकून दे. खिळे फडताळात आहेत.

दादा : अगं, जेवायची वेळ झालीये.

आई : जेवण थांबेल. कोंबडीला थांबता यायचं नाही.

दादा : आणि किती दिवस हा घोळ?

आई : अंगभर पिसं यायला सहा आठवडे तरी लागतात.

दादा : ठीक आहे. सहा आठवडे. मग मशीन परत इथं.

आई : सहा आठवडे मी कोंबडीचे सांगितले. मशीनची मुदत सांगितलेली नाही.